दिवसा दिवा

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांशी सव्वापाचला या, म्हटलं होतं मी,
तर पोतनीस काका पाचलाच पायरीवर,
बाजूला काकू, डोळ्यांवर दवाखान्यातला
हिरवट काळा चष्मा, कानामागे दोरा.
"मोतीबिंदू निघाला. आता दिसतंय
तर एक फोटो काढून ठेवू," हे काकूंचं.
"किती घेणार?" हे काकांचं.

उन्हाकडे तोंड करून बसवता येईना.
चष्मा काढला की डोळ्याला धार लागे.
मग सूर्य मागे घेतला,
छत्रीच्या दोन खांबांच्या मधोमध,
खान नदीचा वास डावीकडे ठेवला
आणि बॅगेतून फ्लॅश काढला.

काका हसले.
चाळीस वर्षं सराफ्यात मुनीम:
"दिवसा दिवा? अहो, आमच्याकडे
पेढी बुडाली की गादी उलटायची
आणि भर दुपारी दारात दिवा लावायचा.
त्याला दिवाळं म्हणतात, बाई.
एवढं ऊन फुकट सांडलंय,
वर ही तुमची उधारी कशाला?"

गिऱ्हाईकाशी वाद घालायचा नाही,
हे मी नंदलालपुऱ्यातल्या स्टुडिओत
झाडू मारता मारता शिकले.
दिव्याशिवाय काढला.
दाखवला.

आभाळ काय सुरेख आलं होतं!
शेंदरी, तळाशी जरा जांभळं,
खांबावरची नक्षी, कबुतराचं पीस न् पीस.
आणि मधे दोन काळे आकार,
कडेकडेनं जर लावल्यासारखे.
खांदे होते. पदराची रेघ होती. टोपी होती.
माणसं नव्हती.

काकूंनी कॅमेरा नाकाशी धरला,
बराच वेळ.
"दोन वर्षं," म्हणाल्या,
"हे मला असेच दिसत होते.
दारात उभे राहिले की कडा तेवढी.
आवाज आला की ओळखायचे,
नाही आला, तर हे की दूधवाला..."
हसायला आलं त्यांना. एकटीलाच.

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली.
रस्त्यावरून एक ई-रिक्षा गेली, मग दुसरी.
"लावा," म्हणाले, "तुमचा तो दिवा."

आता या दिव्याची गोष्ट अशी,
की तो पूर्ण सोडला
तर माणसं कापून चिकटवल्यासारखी दिसतात,
संध्याकाळ वेगळी, चेहरे वेगळे,
लग्नाच्या हॉलमधून उचलून आणलेले.
म्हणून आभाळाचं माप आधी घ्यायचं,
त्याला हात लावायचा नाही,
आणि दिवा उणे दीडवर आणायचा.
वर दुहेरी घडीचा रुमाल.
उजेड इतकाच,
जितका समोरच्या चुन्याच्या भिंतीनं
आपणहून दिला असता,
भिंत असती तर.

"काकू, चष्मा." काढला.
"काका, माझ्याकडे नको, त्यांच्याकडे बघा."
"हिला काय बघायचं?" म्हणत बघितलं.

एकदाच. टप्.

पडद्यावर चेहरे मोठे केले.
मागे तेच शेंदरी आभाळ, जागच्या जागी.
काकांच्या हनुवटीखाली वस्तऱ्यातून सुटलेले
चार पांढरे केस.
काकूंच्या कपाळावर गोंदण,
जे समोर असून मला दिसलं नव्हतं.
जुन्या डोळ्यात तांदळाच्या कणीएवढा उजेड.
नव्यात मात्र
लखकन्, काचेचा, धारदार.

काका वाकले. खिशातून
भिंग निघतंय की काय, वाटलं मला.
"सव्वा रत्ती," म्हणाले.
जरा थांबून, "खरा आहे."

पैसे मोजून दिले, नोटा एका तोंडाच्या.
मग डायरी काढली, लिहिलं:
फोटो, पाचशे.
खालच्या ओळीत: दिवा.
पुढचा रकाना तसाच ठेवून
पेन्सिल कानावर अडकवली.

काकू केव्हाच पुलावर पोचल्या होत्या,
चष्मा काकांच्या हातात विसरून,
एकेका दुकानाची पाटी मोठ्यानं वाचत:
नमकीन, घडी, पुन्हा नमकीन.